जिवाणूचा डीएनए पेशीत खरंच ‘नग्न’ आणि ‘मोकळा’ पडलेला असतो का?

प्रश्न एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षात शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीचा आहे. थोडक्यात असा: आदिकेंद्रकी (म्हणजे जिवाणूंसारख्या) पेशीत केंद्रक नसतं, हिस्टोन नसतात, डीएनए ‘नग्न’ असतो आणि पेशीद्रवात मोकळा असतो, असं पुस्तकात दिलंय. मग दीड मिलिमीटर लांबीचा धागा दोन मायक्रोमीटरच्या पेशीत गुंता न होता राहतो कसा? सगळ्या जिवाणूंत एकच गोल गुणसूत्र असतं का? आणि प्रॅक्टिकलला जिनोमिक (म्हणजे गुणसूत्राचा) डीएनए काढताना नळीत शेंबडासारखा चिकट लगदा होतो, प्लाझ्मिड (गुणसूत्राखेरीजचं डीएनएचं छोटं वलय) काढताना मात्र स्वच्छ पाण्यासारखं द्रावण हाती येतं, ते का?

गेली सव्वीस वर्षं मी जिवाणूंचा डीएनए काढतोय, कापतोय, जोडतोय आणि मुलांना शिकवतोय. ‘नग्न’ आणि ‘मोकळा’ या दोन शब्दांनी जितका गोंधळ केलाय तितका या विषयातल्या दुसऱ्या कुठल्याच शब्दांनी केलेला नाही. हे शब्द आले कुठून ते सांगतो. दृश्यकेंद्रकी, म्हणजे केंद्रक असलेल्या, पेशीतला डीएनए हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मण्यांच्या माळेसारखा दिसतो. जिवाणूंत तशी माळ दिसली नाही, भोवती पडदाही दिसला नाही. माळ नाही म्हणून नग्न आणि पडदा नाही म्हणून मोकळा, असा सरळ हिशेब झाला आणि तो पुस्तकांतून पुढे चालत राहिला. प्रत्यक्षात जिवाणूचा डीएनए पिळलेला असतो, फासांत विभागलेला असतो, शेकडो प्रकारच्या प्रथिनांनी वेढलेला असतो आणि पेशीत त्याची जागाही ठरलेली असते. या सगळ्या पुंजक्याला आपण न्यूक्लिऑइड म्हणतो. ही मांडणी एकदा घडी घालून कपाटात ठेवलेल्या साडीसारखी नसते. डीएनए वाचला जात असताना, त्याची नक्कल होत असतानाच ती क्षणोक्षणी होत राहते. माझ्या मते सगळ्या उत्तराचं मर्म इथे आहे, म्हणून पुढे पुन्हा पुन्हा इकडेच येणार आहे.

आधी मापं बघू. आपला नेहमीचा आतड्यातला जिवाणू ई. कोलाय, के-१२ वाण. १९९७ मध्ये त्याचा पूर्ण क्रम वाचून झाला: सुमारे ४६ लाख ४० हजार बेस-जोड्या, म्हणजे डीएनएच्या अक्षरांच्या जोड्या. एका जोडीची उंची ०.३४ नॅनोमीटर धरली तर धाग्याची लांबी १.५८ मिलिमीटर भरते. पेशीची लांबी साधारण २ मायक्रोमीटर, जाडी जेमतेम १. आता हे सगळं दहा लाख पटींनी मोठं झालंय असं समजा. पेशी दोन मीटर लांब आणि एक मीटर जाड झाली, म्हणजे गच्चीवरच्या हजार लिटरच्या पाण्याच्या टाकीपेक्षा थोडी मोठी. डीएनए झाला दोन मिलिमीटर जाडीची सुतळी, लांबी दीड किलोमीटरच्या वर. ऐकताना वाटतं, मावणारच नाही. पण त्या सुतळीचं घनफळ काढून बघा, पाच लिटर भरतं! एक लहान बादली. टाकी साधारण तेराशे लिटरची आहे.

म्हणजे डीएनए पेशीची अर्धा टक्काही जागा घेत नाही. ‘एवढा मोठा धागा एवढ्याशा पेशीत कोंबलाय’ असं वर्गात सांगितलं जातं, ते म्हणूनच अर्धवट आहे. जागेची खरी अडचण नाहीच. तोच धागा पाण्यात मोकळा सोडला तर तो असा ऐसपैस पसरतो की त्याचा घेर पेशीच्या कितीतरी पट होतो. त्यामुळे अडचणी तीन: त्याला आवरून धरायचं, आवरताना गुंता होऊ द्यायचा नाही, आणि हे करत असताना कुठलंही जनुक हाताशी राहील असं बघायचं. संक्रांतीला मांजा फिरकीवर नीट गुंडाळणं सोपं असतं. जिवाणूला मात्र पतंग हवेत असताना, ढील देता देता, खेचता खेचता मांजा गुंडाळायचा असतो.

आवरण्याचं काही काम पेशीतली गर्दीच करते. पेशीद्रव म्हणजे पाणी नव्हे. त्यात दर लिटरमागे तीनशे ग्रॅमहून अधिक प्रथिनं आणि आरएनए असतात. इतक्या दाटीत लांब धागा बाजूला ढकलला जाऊन पुंजक्याने राहतो. प्रथिनं बनवणारे रायबोसोम बहुतेक त्या पुंजक्याबाहेर, कडेला आणि दोन्ही टोकांशी जमतात. पडदा नसूनही न्यूक्लिऑइडची हद्द सूक्ष्मदर्शकाखाली उठून दिसते ती यामुळे.

पण मोठं काम पिळाचं आहे. घरात सुंभ असेल तर हातात घ्या. एक टोक धरून ठेवा, दुसरं पिळत राहा, मग दोन्ही टोकं जवळ आणा. सुंभ स्वतःभोवतीच वेटोळी घालतो आणि आखूड होतो. डीएनए हाही दोन पेडांचा सुंभच आहे. आरामात असताना साधारण साडेदहा जोड्यांमागे पेडांचा एक वेढा पडतो. जिवाणू त्यातले शंभरामागे सहाएक वेढे कमी करून ठेवतो, म्हणजे पीळ उलट्या बाजूचा. प्रॅक्टिकलमधल्या पीयूसी-१९ प्लाझ्मिडचं उदाहरण घ्या. २,६८६ जोड्या, म्हणजे आरामात असताना २५६ वेढे. पेशीतून काढलेल्या प्लाझ्मिडमध्ये त्यातले पंधराएक कमी असतात. या पंधराच्या ताणाने अख्खं वलय स्वतःभोवती गुंडाळून घट्ट होतं. शिवाय पेड थोडे सैल असल्यामुळे ते उघडायलाही सोपे जातात. जनुक वाचून आरएनए बनवणाऱ्या आरएनए पॉलिमरेजला किंवा नकलेच्या यंत्रणेला पेड उघडूनच काम करायचं असतं, म्हणजे एकाच पिळाने आवरणंही होतं आणि वाचणंही सोपं होतं. या रचनेचं मला इतक्या वर्षांनंतरही अप्रूप वाटतं.

हा उलटा पीळ भरणारं विकर (एन्झाइम) म्हणजे डीएनए गायरेज. मार्टिन गेलर्ट आणि सहकाऱ्यांनी ते १९७६ मध्ये शोधलं. ते डीएनएचे दोन्ही पेड एका जागी कापतं, त्या फटीतून डीएनएचाच दुसरा तुकडा पलीकडे काढतं आणि काप पुन्हा सांधतं. एका खेपेला दोन वेढे कमी होतात आणि त्यासाठी एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्ची पडतं. त्याच्या उलट काम टोपोआयसोमरेज-१ करतं. जेम्स वांग यांनी त्याची ओळख १९७१ मध्येच करून दिली होती. ते फक्त एक पेड कापून जादा झालेला उलटा पीळ सैल करतं. पेशीतला पीळ म्हणजे या दोघांमधली रस्सीखेच. एकाने हात सोडला तर काय होतं, तेही १९८२ मध्ये दिसलं. टोपोआयसोमरेज-१ गमावलेले ई. कोलाय जे जगले, त्यांच्या गायरेजच्या जनुकांत बदल होऊन गायरेजही मंदावलेलं होतं.

सिप्रोफ्लॉक्सासिन घरोघरी माहीत असलेलं औषध. ते काम करतं ते नेमकं इथे. गायरेजने दोन्ही पेड कापलेले आहेत, अजून सांधलेले नाहीत, अशा क्षणी हे औषध त्याला तिथेच जखडून टाकतं. काप उघडाच राहतो, त्याच्यावर नकलेची यंत्रणा येऊन आदळते आणि गुणसूत्र तुटतं. क्षयाच्या जिवाणूत गायरेजच्या ‘ए’ उपघटकाच्या जनुकात ९० किंवा ९४ क्रमांकाचं अमिनो आम्ल बदललं की याच गटातलं मॉक्सिफ्लॉक्सासिन नीट बसत नाही आणि रुग्णाचा उपचार अवघड होतो. ‘डीएनएचा पीळ’ हा परीक्षेपुरता विषय नाही म्हणतो तो यासाठी.

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, असं आपण म्हणतो. डीएनएच्या वलयाचं उलट आहे. दोनपैकी एका पेडाला एक चीर पडली की त्या चिरेभोवती दुसरा पेड गरगर फिरतो आणि वलयाचा सगळा पीळ उतरतो. मग ४६ लाख जोड्यांच्या गुणसूत्राचं काय? त्यात चिरा तर सतत पडत असतात, कधी दुरुस्तीच्या कामात, कधी नकलेच्या. एका चिरेने सगळा पीळ गेला तर पेशी जगणार कशी?

याचं उत्तर ज्या प्रयोगांतून मिळालं ते मला या विषयातले सर्वांत सुंदर प्रयोग वाटतात. १९७१ मध्ये स्टोनिंग्टन आणि पेटीजॉन यांनी पेशी अगदी अलगद, भरपूर मीठ घातलेल्या द्रावणात फोडल्या. नेहमीचा लगदा झाला नाही. गुणसूत्र घडी केलेल्या अवस्थेतच बाहेर आलं. पुढच्या वर्षी वॉर्सेल आणि बर्गी यांनी अशाच गुणसूत्रांवर डीएनए चिरणारं विकर मोजूनमापून टाकलं. एका चिरेने पीळ थोडासाच उतरला. पूर्ण उतरायला अनेक चिरा लागल्या. याचा अर्थ असा की गुणसूत्र हे एक अखंड वलय असलं तरी ते जागोजागी आवळलेल्या फासांत विभागलेलं आहे, आणि एका फासातली चीर त्या फासापुरतीच राहते. तेव्हाचा अंदाज काही डझन फासांचा होता. २००४ मधल्या मोजणीने तो बदलला. सरासरी दहा हजार जोड्यांचा एक फास, म्हणजे एका गुणसूत्रात चारशेच्या आसपास. त्यांच्या सीमाही कायमच्या नसतात. आज इथे गाठ, थोड्या वेळाने पलीकडे.

आता प्रथिनं. ‘हिस्टोन नाहीत’ हे ई. कोलायपुरतं खरं, पण त्यावरून ‘प्रथिनं नाहीत’ असं लिहू नका. एचयू नावाचं प्रथिन हजारोंनी असतं आणि ते कुठेही बसून डीएनएला बाक देतं. आयएचएफ ठरावीक क्रमावर बसून धागा जवळजवळ यू-टर्नसारखा वळवतं. फिस हे भरभर वाढणाऱ्या पेशीत मुबलक असतं आणि अन्न संपायला लागलं की दिसेनासं होतं. त्याच्या जागी डीपीएस येतं, आणि उपाशी पेशीत ते डीएनएला स्फटिकासारख्या घट्ट रचनेत बांधून इजेपासून वाचवतं. म्हणजे सकाळी ताज्या माध्यमात वाढणाऱ्या आणि रात्रभर ठेवलेल्या कल्चरमधल्या पेशींचा डीएनए एकच असला तरी त्याची बांधणी वेगळी असते.

एच-एनएसवर मात्र थोडं थांबायला हवं. हे प्रथिन ए आणि टी ही अक्षरं जास्त असलेल्या डीएनएवर बसतं आणि तिथली जनुकं गप्प करतं. बाहेरून आलेला डीएनए बऱ्याचदा असाच, ए-टी जास्त असलेला असतो. साल्मोनेलावरच्या २००६ मधल्या कामातून स्पष्ट झालं की हे प्रथिन परक्या जनुकांवर पहारा ठेवतं. आलेल्याला घरात घेतं पण लगेच बोलू देत नाही. आमांशाच्या शिगेला जिवाणूत या पहाऱ्याला तापमान कळतं. थंडीत रोगकारक जनुकं बंद राहतात, माणसाच्या शरीराचं ३७ अंश तापमान लागलं की एच-एनएसची पकड सुटते. काही मोठे प्लाझ्मिड तर स्वतःच्या एच-एनएससारख्या प्रथिनाचं जनुक सोबत घेऊनच येतात, म्हणजे यजमानाच्या साठ्यावर ताण पडत नाही आणि त्यांचं येणं पेशीला जड जात नाही. एवढं सगळं ज्याच्या अंगाखांद्यावर चाललंय त्याला नग्न कसं म्हणायचं?

मघाशी म्हणालो की मांडणी चालू कामातच होत राहते, त्याचा पुरावा देतो. जिवाणूत जनुक वाचलं जात असतानाच तयार होणाऱ्या आरएनएवर रायबोसोम चढतात. आरएनए पॉलिमरेज सेकंदाला सुमारे ४५ अक्षरं पुढे जातं. रायबोसोम सेकंदाला १५ अमिनो आम्लं जोडतो, म्हणजे तीही ४५ अक्षरंच. दोघे पावलाला पाऊल लावून चालतात. केंद्रकाचा पडदा मध्ये असता तर हे जमलंच नसतं. असा लवाजमा घेऊन पॉलिमरेज डीएनएभोवती फिरू शकत नाही, म्हणून डीएनएच फिरतो. पुढे पीळ आवळत जातो, मागे सैल होत जातो. सुंभाचे पेड मधूनच उकलत पुढे गेलात तर हेच होतं, करून बघा. पुढचा आवळलेला पीळ गायरेज सोडवतं, मागचा जादा उलटा पीळ टोपोआयसोमरेज-१ काढतं. जोरात चालणारं जनुक अशा रीतीने स्वतःच एक सीमा बनतं. आणि हे काम औषधाने थांबवलं तर? रिफाम्पिसिनने आरएनए बनणं थांबवलं की न्यूक्लिऑइड पसरतो. क्लोरॅम्फेनिकॉलने प्रथिनं बनणं थांबवलं की तो आकसून गोळा होतो. डीएनए तोच, पेशी तीच, काम बदललं की आकार बदलला.

जनुकांच्या क्रमातही हेच तत्त्व दिसतं. एका कामाची जनुकं शेजारी-शेजारी आणि एकाच कळीवर चालणारी, हे ऑपेरॉन जेकब आणि मोनो यांनी १९६१ मध्ये मांडलं. ते तुम्ही वाचलंच असेल, त्यात वेळ घालवत नाही. पुस्तकांत कमी येणारी गोष्ट दिशेची आहे. नक्कल करणारी यंत्रणा सेकंदाला सुमारे हजार अक्षरं धावते, पॉलिमरेज पंचेचाळीस. एकाच रुळावर एक्सप्रेस आणि मालगाडी. एका दिशेने चालत असतील तर मागून येऊन अडणं होतं, समोरासमोर आल्या तर मोठा अपघात. म्हणून जी जनुकं सतत जोरात चालतात ती नकलेच्याच दिशेने मांडलेली असतात. ई. कोलायमध्ये रायबोसोमच्या आरएनएचे सात ऑपेरॉन आहेत आणि सातही याच दिशेने आहेत.

नकलेची सुरुवात एका ठरावीक जागेपासून होते, ओरी-सी, सुमारे २४५ जोड्यांचा तुकडा. तिथून दोन फाटे दोन्ही बाजूंनी निघतात आणि वलयाच्या समोरच्या अंगाला, टेर भागात, भेटतात. जॉन केर्न्स यांनी १९६३ मध्ये किरणोत्सारी थायमिडीन देऊन अशा गुणसूत्राची छायाप्रत फिल्मवर उमटवली, तेव्हा गोल वलय आणि चालू असलेली नक्कल लोकांनी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिली. पूर्ण नकलेला सुमारे चाळीस मिनिटं लागतात, त्यानंतर पेशी विभागायला आणखी वीस. पण चांगल्या माध्यमात ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो! हा हिशेब कूपर आणि हेल्मस्टेटर यांनी १९६८ मध्ये सोडवला. आधीची नक्कल संपायच्या आतच पुढची सुरू होते, म्हणजे आजच्या पेशीत पणतीसाठीची नक्कल सुरू झालेली असते. अशा पेशीत ओरी-सी आठापर्यंत असू शकतात. ओरी-सीजवळच्या जनुकांच्या प्रती साहजिकच जास्त होतात आणि रायबोसोमची जनुकं बहुतेक तिकडेच आहेत. भरभर वाढायला रायबोसोम लागतात, आणि ते पुरवायची सोय जनुकांच्या पत्त्यातच केलेली आहे. क्षयाच्या जिवाणूकडे असा ऑपेरॉन एकच आहे, आणि तो दुप्पट व्हायला दिवसभर घेतो.

दोन नकला एकमेकींत अडकू नयेत म्हणून वेगळी माणसं नेमलेली आहेत. एसएमसी गटातली प्रथिनं (ई. कोलायमध्ये मुक-बीईएफ) धाग्याचे फास ओढून प्रत्येक नक्कल आपापल्या बाजूला आवरतात. टेर भागाला मॅट-पी नावाचं प्रथिन एकत्र धरून पेशीच्या मध्यावर ठेवतं. नकलेनंतर दोन वलयं साखळीच्या कड्यांसारखी अडकलेली असतात, ती टोपोआयसोमरेज-४ सोडवतं. दोन वलयं जोडून एकच मोठं वलय झालं असेल तर डिफ नावाच्या जागेवर झेर-सी आणि झेर-डी ते कापून वेगळं करतात. यातलं काही बिघडलं तर सूक्ष्मदर्शकाखाली लांबच लांब पेशी दिसतात, किंवा डीएनए नसलेल्या रिकाम्या पेशी.

दुसरा प्रश्न: सगळ्यांत एकच गोल गुणसूत्र असतं का? नाही. कॉलऱ्याच्या जिवाणूत दोन असतात, एक सुमारे ३० लाख जोड्यांचं आणि दुसरं १० लाखांच्या थोडं वर. लहान गुणसूत्राने नकलेला कधी लागायचं याची खूण मोठ्यावर आहे. मोठ्याची नक्कल एका विशिष्ट जागेपर्यंत पोचली की लहानाला इशारा मिळतो आणि दोघांचं काम जवळजवळ एकाच वेळी संपतं. याच जिवाणूचं विष शंभूनाथ डे यांनी १९५९ मध्ये कोलकात्यात दाखवून दिलं. त्या विषाची जनुकं मुळात जिवाणूची नाहीतच, एका विषाणूने आणून गुणसूत्रात बसवलेली आहेत, हे १९९६ मध्ये कळलं. लाइम रोगाच्या बोरेलियाचं गुणसूत्र सरळ आहे, टोकांना केसांच्या पिनेसारखी वळलेली. आपल्याला कित्येक प्रतिजैविकं देणाऱ्या स्ट्रेप्टोमायसिसचंही सरळच, पण टोकांना प्रथिनं चिकटवलेली, ८० लाखांहून अधिक जोड्यांचं. आणि आर्किया, तेही आदिकेंद्रकीच, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांकडे चक्क हिस्टोन आहेत. म्हणून ‘आदिकेंद्रकींमध्ये हिस्टोन नसतात’ हे वाक्य पेपरात जसंच्या तसं लिहू नका, ‘जिवाणूंमध्ये सहसा नसतात’ असं लिहा.

गुणसूत्राखेरीज प्लाझ्मिड असतात. हा शब्द जोशुआ लेडरबर्ग यांचा, १९५२ चा. मोठ्या प्लाझ्मिडच्या पेशीत एक-दोनच प्रती असतात, म्हणून विभागणीत प्रत्येक लेकीला एक मिळेल अशी यंत्रणा ते सोबत बाळगतात. एफ प्लाझ्मिडची एक युक्ती तर थेट आपल्या कथेतली आहे. तो एक टिकाऊ विष आणि त्याचा अल्पायुषी उतारा असं दोन्ही बनवतो. ज्या पेशीला प्लाझ्मिड मिळाला नाही तिच्यातला उतारा संपतो, विष उरतं, आणि ते विष हल्ला करतं गायरेजवर!

दवाखान्याच्या दृष्टीने जनुक कुठे बसलंय हे ते काय करतं याइतकंच महत्त्वाचं आहे. क्षयाच्या जिवाणूत प्लाझ्मिड आढळत नाहीत. त्याची औषधांना दाद न देण्याची ताकद गुणसूत्रातल्या बदलांतून येते आणि पिढीजात पुढे जाते. शेजारच्या वेगळ्या जिवाणूला ती देता येत नाही. कार्बापेनेम गटातली प्रतिजैविकं निकामी करणारं एनडीएम जनुक मात्र बहुतेक वेळा प्लाझ्मिडवर असतं. क्लेब्सिएलातून ई. कोलायमध्ये, तिथून आणखी कुणाकडे, असं ते फिरतं. पहिल्या बाबतीत रुग्ण शोधून त्याचा उपचार पूर्ण करणं हा मार्ग. दुसऱ्या बाबतीत वॉर्डातले हात, नळ आणि सांडपाणी यांच्याकडेही तेवढंच लक्ष द्यावं लागतं.

आता तुमची नळी. जिनोमिक डीएनए काढताना तुम्ही डिटर्जंटने पेशी फोडता आणि प्रथिनं काढून टाकता. आवरणारं सगळं गेलं, गर्दी गेली, फास सुटले. मग मघाची दीड किलोमीटरची सुतळी आपल्या खऱ्या स्वभावावर येते आणि पसरते. असे अब्जावधी धागे एकमेकांत गुंतले की द्रावण शेंबडासारखं लोंबतं. वाईट वाटून घेऊ नका, चिकटपणा म्हणजे धागे लांब राहिलेत याची खूण आहे. जोराने पिपेट केलंत की तो कमी होतो, कारण धागे तुटतात. म्हणून आम्ही टिपचं टोक कात्रीने कापून मगच असा डीएनए उचलतो.

प्लाझ्मिडची गोष्ट वेगळी. बर्नबॉइम आणि डोली यांची १९७९ ची पद्धत आपण अजून वापरतो. तिच्यातल्या तीन द्रावणांपैकी दुसऱ्यात सोडियम हायड्रॉक्साइड आणि एसडीएस हे डिटर्जंट असतं. ते घातलं की गढूळ नळी काही क्षणांत पारदर्शक आणि तारदार होते. इथे पेड विलग होतात. गुणसूत्र तोवर तुकड्यांत तुटलेलं असतं, त्यामुळे त्याचे पेड खरोखर सुटे होतात. प्लाझ्मिडचं वलय अखंड असतं; त्याचे दोन पेड एकमेकांत दोनशे चाळीसेक वेळा अडकलेले असतात, त्यामुळे ते सुटे झाले तरी दूर जाऊ शकत नाहीत. तिसरं द्रावण घातलं, आम्लता आली, की प्लाझ्मिडचे पेड लगेच जिथल्या तिथे जुळतात. गुणसूत्राच्या सुट्या पेडांना आपला जोडीदार सापडत नाही. ते प्रथिनं आणि एसडीएसच्या गोळ्यांत अडकतात आणि फाटलेल्या दुधासारखा पांढरा चोथा होऊन तळाला बसतात. वरचं नितळ पाणी म्हणजे तुमचा प्लाझ्मिड. म्हणून दुसऱ्या द्रावणानंतर नळी चार-सहा वेळा अलगद उलटी-सुलटी करायची, व्होर्टेक्सवर (नळी जोरात घुसळणाऱ्या यंत्रावर) धरायची नाही. माझ्या एका बॅचने घाईत सगळ्या नळ्या व्होर्टेक्स केल्या होत्या. गुणसूत्राचे इतके बारीक तुकडे झाले की ते चोथ्यात न अडकता वर राहिले, आणि जेलवर (डीएनएचे तुकडे विजेने पळवून वेगळे करायच्या थरावर) प्रत्येक रकान्यात वरपासून खालपर्यंत नुसता धूसर पट्टा उमटला.

पुढच्या वेळी जेल लावाल तेव्हा न कापलेला प्लाझ्मिड आणि एका जागी कापलेला प्लाझ्मिड शेजारच्या रकान्यांत घाला. न कापलेल्यात साधारणपणे सर्वांत पुढे पळालेला पट्टा पिळलेल्या वलयाचा. मागे, फिकट, तो चीर पडून पीळ उतरलेल्या वलयाचा. कापलेला सरळ तुकडा बहुधा या दोघांच्या मध्ये. तिन्हींत अक्षरं तेवढीच, वजन तेवढंच, वेगळा आहे तो फक्त आकार. कधी कधी पिळलेल्या पट्ट्याच्याही पुढे एक पुसट पट्टा दिसतो, नीट रंग न धरणारा आणि ठरावीक क्रमावर डीएनए कापणाऱ्या कुठल्याही रिस्ट्रिक्शन विकराने न कापला जाणारा. तो दिसला तर नळी दुसऱ्या द्रावणात फार वेळ राहिली आणि काही वलयांचे पेड चुकीच्या जागी जुळले असं समजा. पुढच्या खेपेला ते द्रावण घातल्याबरोबर घड्याळ लावा आणि पाच मिनिटांच्या आत तिसरं घाला.